'मूळ' कोणते? : एका जुन्या फियाटच्या निमित्ताने

पुण्यातील एका स्नेह्याच्या अंगणात गेली अठरा वर्षे ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट मागच्या दिवाळीनंतर बाहेर काढण्यात आली. गाडी १९६२ सालची. स्नेही मराठीचे निवृत्त प्राध्यापक. हाताने काम करण्याची त्यांना मुळातच आवड. गाडी गॅरेजात न धाडता घरीच, जमेल तसे, एका वृद्ध मेकॅनिकच्या सल्ल्याने पूर्ववत करायची असा त्यांचा निश्चय होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मडगार्डचा तळहाताएवढा भाग पाणी लावून पॉलिश पेपरने घासला. वरच्या हिरव्या रंगाखाली पिवळसर पांढरा निघाला, त्याखाली फिकट निळा आणि सर्वांत तळाशी करडा प्रायमर. स्नेह्यांना आनंद झाला. "गाडी मूळची निळी आहे, आता निळीच करायची," असे त्यांनी जाहीर केले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने मात्र शांतपणे म्हटले, "अरे, निळी गाडी मी कधी बघितलीच नाही. बाबांची गाडी हिरवी होती."

या एका वाक्याने जो प्रश्न उभा राहिला तो केवळ रंगाचा नाही. वडिलांनी गाडी घेतली ती १९७१ मध्ये, दुसऱ्याच्या हातून. निळा रंग कारखान्याचा खरा, पण तो या घराच्या आठवणीत नाही. 'मूळ' म्हणजे कोणाचे मूळ, आणि कोणत्या दिवसाचे? संहितेच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नसावा.

२

आधी या गाडीचे मूळ पाहू. दांते जाकोझा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली फियाट कंपनीने तयार केलेली '११००/१०३' ही गाडी १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअर, मागे कमानपाटे, आणि वेगळ्या चासीऐवजी स्वतःचा भार स्वतः पेलणारे पत्र्याचे कवच ही तिची ठळक वैशिष्ट्ये. पुढची आणि मागची दारे एकाच मधल्या खांबाला बिजागरीने जोडलेली, त्यामुळे पुढचे दार उलट्या दिशेने उघडे. भारतात ती आली वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समार्फत. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आरंभी अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या परवान्याने गाड्या बाहेर पडत. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. १९६४ च्या सुमारास '११००-डी' हे सरळ रेषांचे नवे रूप आले आणि त्याआधीच्या गोलसर गाडीला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' हे नाव कायमचे चिकटले. त्या नावात हेटाळणीपेक्षा घरगुती लडिवाळपणाच अधिक होता. पुढे सत्तरीच्या दशकात 'डी' चेच नामांतर आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' असे झाले.

इटलीत ११०० ची मालिका साठीचे दशक संपता संपता थांबली. कुर्ल्यात तिचा वंश विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. मूळ प्रदेशात लोपलेली संहिता दूरच्या एखाद्या मठात नकलून नकलून जिवंत राहावी, तसा हा प्रकार. आणि नकलताना जे होते ते येथेही झाले. प्रारंभी सुटे भाग इटलीहून येत. हळूहळू एकेक भाग देशात तयार होऊ लागला. त्यामुळे एकाच नावाच्या, पण निरनिराळ्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन गाड्या तंतोतंत एकसारख्या असतीलच असे नाही. कारखान्यातच पाठभेद सुरू झाले होते.

३

परंतु खरे पाठभेद घडले ते रस्त्यावर. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या येथून निघून गेल्या; आयातीवर कडक बंधने आली. मोटारी बनवणारे मुख्यतः तिघेच उरले: कलकत्त्याजवळचे हिंदुस्थान मोटर्स, मद्रासचे स्टँडर्ड आणि कुर्ल्याचे प्रीमियर. नवी फियाट नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा कोठे हे चित्र पालटू लागले. मधल्या तीस वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने गाडी ही बदलण्याची वस्तू नव्हती, टिकवण्याची होती.

टिकवणे म्हणजे दुरुस्त करणे, आणि दुरुस्ती म्हणजे जे हाताशी आहे त्यातून मार्ग काढणे. मूळ गॅस्केट मिळाले नाही तर मेकॅनिक जाड कागद कापून, हातोडीने कडा ठोकून नवे तयार करी. पिस्टन सैल झाले की लेथवाल्याकडे जाऊन सिलिंडरचे बोअरिंग आणि पुढच्या मापाचे पिस्टन. एका इंजिनाला असे दोन-तीन जन्म सहज मिळत. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात मोडलेल्या गाड्यांचे अवयव मांडलेले असत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे तर या गाडीचे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात यांचा एक अखंड प्रवाह वाहता राहिला. ही विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे, म्हणजे बहुधा 'पाना दे' एवढ्याच शब्दांत, पोहोचत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा तिच्याबरोबर या मौखिक परंपरेचाही मोठा आधार गेला.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीत या परंपरेचे पुरावे पदोपदी सापडले. चालकाच्या पायाखालचा पत्रा सडला होता. तेथे कोणे एके काळी गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, रिव्हेट मारून ठिगळ लावलेले होते. डब्यावरच्या छापील अक्षरांचे दोन-तीन अवशेष डांबराखाली अजून वाचता येत होते. बॉनेटखालच्या तारांत तीन निरनिराळ्या काळांची जोडकामे होती: कापडी वेष्टनाची जुनी तार, प्लॅस्टिकची नंतरची, आणि एके ठिकाणी घरातल्या दिव्याची असावी तशी पिळाची तार. सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र गाडीत नव्हता, कपाटात होता. आर.सी.च्या जुन्या पुस्तिकेत १९७८ साली इंजिन बदलल्याची नोंद निघाली; रंग बदलल्याच्याही दोन नोंदी, शिक्क्यांसह. परिवहन कार्यालयातील कुणा कारकुनाने, स्वतःच्या नकळत, या गाडीच्या पाठभेदांची तळटीपच लिहून ठेवली होती.

४

आता 'पूर्ववत करणे' या कल्पनेकडे वळू. ही कल्पना वाटते तितकी निरागस नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या चर्चवास्तूंच्या जीर्णोद्धारावरून युरोपात जो वाद पेटला, त्याची दोन टोके प्रसिद्ध आहेत. फ्रान्सचा व्हायोले-ल-द्यूक असे मानत असे की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला अशा परिपूर्ण अवस्थेत नेणे, जी कदाचित कोणत्याच काळी प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती. इंग्लंडच्या रस्किनने १८४९ मध्ये याच्या नेमकी उलट भूमिका घेतली: जीर्णोद्धार हा वास्तूचा नाशच असतो, शिवाय जे नष्ट केले त्याचे खोटे वर्णन करणारा नाश. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली तीही याच भूमिकेतून. वास्तूची रोजच्या रोज निगा राखा, पण तिच्या अंगावरचा काळ खरवडू नका, हे तिचे सार.

मराठी वाचकाला यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या नकलांत शिरलेले अपपाठ काढून ग्रंथ पुन्हा वाचनयोग्य, पठणयोग्य करणे हा त्यांचा हेतू होता. तो सफल झाला. मात्र त्यांनी काय काढले आणि का काढले याची यादी आपल्यापाशी नाही. म्हणूनच १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांना एकनाथपूर्व वाटणारी पोथी छापावीशी वाटली आणि तिच्या अस्सलपणावरून वाद झाले. याउलट मार्ग भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा. १९१९ मध्ये आरंभ झालेले, १९२५ पासून सुखटणकरांच्या हाती आलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले हे काम. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितकेच जायचे, व्यासांची मूळ संहिता सापडल्याचा दावा करायचा नाही, आणि जे वगळले ते टाकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपायचे, ही तिची शिस्त. वगळलेला श्लोक तेथे खोटा ठरत नाही. तो 'नंतरचा' ठरतो. या दोन शब्दांतला फरक हाच माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे.

जुन्या मोटारींच्या जगालाही हे भान अलीकडे आले आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, 'फिवा'ने, २०१२ मध्ये एक सनद स्वीकारली. ती फियाटच्याच गावाच्या नावाने, तुरीनची सनद म्हणून, ओळखली जाते. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, नवे घातलेले भाग सहज नजरेत न येणाऱ्या पण टिकाऊ खुणेने ओळखता यावेत, आणि वाहनाच्या आयुष्यात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचा भाग मानावेत, असा तिचा आशय आहे. सुखटणकरांना ही सनद परकी वाटली नसती.

आपल्याकडचा कायदा मात्र वेगळ्या दिशेने बोलतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु संस्थानिकांच्या मोटारखान्यात झाकून ठेवलेल्या गाडीला ही अट जितकी सोपी, तितकी मध्यमवर्गाने तीस वर्षे राबवलेल्या गाडीला नाही. जी गाडी खरोखर वापरली गेली, तीच मूळ स्वरूपात राहिली नाही.

५

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. गाडी ही पोथी नव्हे. ती चालली पाहिजे आणि सुरक्षित चालली पाहिजे. गंजाला इतिहास म्हणून पूजता येत नाही. आक्षेप मान्य करावा लागतो. ज्या गाडीचे कवचच तिचा सांगाडा आहे, तिच्या तळाचा पत्रा सडला तर सांगाडाच सडला. तेथे तेलाच्या डब्याचे ठिगळ ठेवणे हा भाविकपणा झाला. ब्रेकचे जुने रबर, कुजलेल्या तारा यांचेही तसेच. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेल्याने जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या बदलणे भागच होते. एकनाथांनाही ग्रंथ कपाटात ठेवायचा नव्हता, लोकांच्या मुखी द्यायचा होता. म्हणून काय बदलले हा मुद्दा गौण आहे. बदलताना काय लपवले, हा खरा मुद्दा.

स्नेह्यांनी अखेर जे केले ते असे. तळाचा पत्रा कापून नवा जोडला. जुने ठिगळ, रिव्हेटांसकट, एका पेटीत ठेवून त्यावर जागा आणि तारीख लिहिली. तारा सगळ्या नव्या, पण जुन्या जोडकामांची छायाचित्रे काढली. इंजिन १९७८ चेच ठेवले. त्याची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग आणि रिंगांची कामे घरच्या पडवीत झाली. एक शंभर पानी वही केली, तिच्यात रोजचे काम, बदललेला भाग आणि बदलण्याचे कारण. ती वही ते हसत हसत 'परिशिष्ट' म्हणतात. व्हिंटेज नोंदणीसाठी अर्ज करायचा की नाही हे अद्याप ठरलेले नाही, कारण अर्ज करायचा तर १९७८ च्या नोंदीचे काय, हा प्रश्न उरतोच.

आणि रंग? गाडी हिरवी झाली. तो कारखान्याचा रंग नाही हे ठाऊक असूनही, आणि निळा कधीच कोणाला आवडला नसता असे नसूनही. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तळहाताएवढी जागा न रंगवता सोडली आहे. तेथे करडा, निळा, पांढरा आणि हिरवा असे चारही थर पायऱ्यांसारखे उघडे आहेत. निळ्याच्या पहिल्या मालकाला या घरातले कोणी ओळखत नाही. त्याची गाडी आता त्या तेवढ्या पट्टीत उरली आहे. हा न्याय पुरेसा आहे असे मी म्हणणार नाही. पण नऊ वर्षांचे ते आयुष्य निदान खोडलेले नाही, आणि उद्या कोणाला पुन्हा निळ्याचा आग्रह धरावासा वाटला तर त्याच्यासाठी पुरावा जागेवर आहे. संपादकाकडून याहून अधिक अपेक्षा करता येते का, याचा निर्णय वाचकांनीच करावा.