जखमी खलाशाच्या हक्काची कुळकथा



मराठीच्या अध्यापकाने कायद्याच्या इतिहासावर बोलावे, हे कदाचित आगाऊपणाचे वाटेल. परंतु गोमंतकातील किती घरांच्या चुली तारवट्यांच्या पगारावर पेटत आल्या, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगावयास नको. असा तारवटी जहाजावर जायबंदी झाला, तर त्याचे काय होई? या प्रश्नाचा माग काढीत मी मध्ययुगीन फ्रान्सपर्यंत जाऊन पोहोचलो.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओलेरों नावाचे बेट आहे. द्राक्षमद्याची ने-आण करणाऱ्या गलबतांवरील तंट्यांचे जे निवाडे बाराव्या-तेराव्या शतकांत रूढ झाले, ते या बेटाच्या नावाने ओळखले जातात. त्यांत आजारी खलाशासंबंधी एक कलम आहे. कप्तानाने त्याला किनाऱ्यावर उतरवावे, निवारा पाहून द्यावा, रात्रीच्या उजेडासाठी मेणबत्ती द्यावी आणि शुश्रूषेला जहाजावरचा एखादा पोर अथवा एखादी बाई ठेवावी. अन्न मात्र जहाजावर मिळे तेच. जहाज त्याच्यासाठी खोळंबणार नाही. तो बरा झाला तर खर्च वजा जाता मजुरी त्याची. दगावला तर ती त्याच्या पत्नीची वा वारसांची. जहाजाच्या कामात जखम झाल्यास उपचार जहाजाच्या खर्चाने. परवानगीवाचून उतरून, दारू पिऊन मारामारी केली असेल तर नाही. मला यातील मेणबत्तीचे फार अप्रूप वाटते. हे कलम घडविणाऱ्याने आजाऱ्याची रात्र जवळून पाहिलेली असावी.

जमिनीवरील मजुराला अपघाताबद्दल कायद्याचा आधार मिळण्यास पुढे कित्येक शतके जावी लागली : जर्मनीत १८८४, इंग्लंडात १८९७. गंमत अशी की, इंग्लंडच्या त्या कायद्यातून खलाशीच वगळले गेले होते. त्यांचा समावेश १९०६ मध्ये झाला.

तथापि ओलेरोंच्या निवाड्यांत होती ती शुश्रूषा. गेलेल्या हाताची किंमत त्यांत नव्हती, आणि चूक कोणाची हा प्रश्नही नव्हता. ही उणीव अमेरिकेतील एका खटल्याने उघडी पाडली. १८९६ मध्ये 'ओसिओला' हे जहाज मिलवॉकी बंदराकडे निघाले होते. बंदर थोडेच दूर असताना, जहाज वाऱ्याच्या तोंडावर चालू असतानाच, कप्तानाने माल उतरविण्याची फळी यारीने उचलण्याचा हुकूम दिला. वाऱ्याने ती फिरली, तिने यारीच ओढून पाडली आणि पडणारी यारी एका खलाशावर आदळली. १९०३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले : खाणेपिणे, उपचार आणि निदान सफर संपेपर्यंतचे वेतन त्याला मिळेल, जहाज वा त्याची सामग्रीच सदोष असती तर भरपाईही मिळाली असती, पण कप्तानाच्या हुकमातील चुकीबद्दल काही नाही. हुकूम पाळणे ज्याला भागच, त्याच्या पदरी हा न्याय! ही गाठ सुटली १९२० च्या जोन्स कायद्याने. त्याने खलाशाला मालकाच्या आणि सहकाऱ्यांच्या हलगर्जीबद्दल ज्यूरीपुढे दावा लावण्याचा अधिकार दिला.

आपल्याकडे १९२३ चा कामगार भरपाई कायदा आला. त्याचे पंधरावे कलम खलाशांसाठी खास होते आणि ते समुद्र जाणून लिहिलेले होते. अपघात व दुबळेपण दोन्ही जहाजावरच घडली असतील, तर मालकाला वेगळी नोटीस देण्याची गरज नव्हती. जहाज सर्व माणसांसह बुडाले, तर दाव्याची मुदत जहाज बुडाल्याच्या अथवा बुडाले असे मानल्याच्या दिवसापासून अठरा महिने. जखमी खलाशाला परमुलखात मागे ठेवावे लागले, तर तेथील वकिलातीच्या अधिकाऱ्याने घेतलेल्या जबान्या पुराव्यात ग्राह्य. साक्षीदार जगभर पांगलेले असतात, हे या शेवटच्या तरतुदीने ओळखले होते.

या तरतुदीचे मोल मी लहानपणी पाहिले. आमच्या वाड्यावरील एक गृहस्थ मुंबईच्या एका कंपनीच्या जहाजावर खणात पडले, पाय गेला. ते कामावर नव्हतेच, असे कंपनीचे म्हणणे. परदेशी बंदरात दोन सोबत्यांनी दिलेल्या जबान्यांच्या नकला त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. त्या वाचून दाखविण्यास मला बोलावीत. इंग्रजी मला अर्धेमुर्धेच कळे. पण "हुकमावरून खाली उतरला" हे वाक्य लागले की ते मला थांबवीत आणि पुन्हा वाचावयास लावीत. त्याच वाक्यावर त्यांना भरपाई मिळाली. जखम जहाजाच्या कामात झाली की नाही, हा ओलेरोंचाच प्रश्न सातशे वर्षांनी आमच्या ओसरीवर येऊन बसला होता.

२००६ साली जिनिव्हात सागरी श्रम करार संमत झाला. २०१३ पासून तो अमलात आहे आणि भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. जखमी वा आजारी खलाशाचा उपचार, निवास व भोजन हा खर्च जहाजमालकाचा; राष्ट्रीय कायद्याने त्याला कालमर्यादा घातली तरी ती सोळा आठवड्यांहून कमी असता कामा नये. मृत्यू वा दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईसाठी आर्थिक हमी असल्याचा दाखला २०१७ पासून जहाजावर लावावा लागतो. तारवट्याच्या घराला हा मोठाच आधार.

मात्र जहाज कोणते, हे ठरविताना या कराराने दोन गट बाहेर ठेवले आहेत : मासेमारी करणारी जहाजे आणि जुन्या बांधणीची देशी गलबते. मच्छीमारांसाठी २००७ चा निराळा करार आहे. आपल्या मालीम आणि कुटबणच्या धक्क्यांवरील ट्रॉलर या पहिल्या गटातले. त्यांवर जाळे ओढणारे पुष्कळसे हात ओडिशा-झारखंडाकडून आलेले. लोखंडी दोर यंत्रावर गुंडाळला जात असताना बोट सापडले, तर ते काम करीत असतानाच सापडले, हे किनाऱ्यावर कोण लिहून घेतो, याची चौकशी या शाळेच्या वकील झालेल्या विद्यार्थ्यांनी एकदा धक्क्यावर जाऊन करावी.