सभासदाची हकालपट्टी (सहकारी संस्था)

सभासदाची हकालपट्टी म्हणजे संस्थेच्या हितास किंवा सुरळीत कामकाजास बाधक कृती करणाऱ्या व्यक्तीचे सभासदत्व सहकारी संस्थेने ठरावाद्वारे संपुष्टात आणणे होय. महाराष्ट्रात ही कारवाई महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३५ नुसार होते. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील विघ्नहर व आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने, तसेच गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या अशा संस्थांची उदाहरणे होत.

कारणे

सहकारी संस्था नियम, १९६१ नुसार सतत थकबाकी ठेवणे, शेतमाल संस्थेमार्फत विकण्याबाबतचे उपविधी मोडणे, संस्थेची अप्रतिष्ठा करणे किंवा तिच्या कामकाजास अपाय करणे ही हकालपट्टीची कारणे आहेत. मतभेद हे त्यांपैकी नव्हे. वार्षिक हिशेब पाहण्याचा हक्क कलम ३२ ने प्रत्येक सभासदास दिला आहे.

कार्यपद्धती

हकालपट्टीचा अधिकार संचालक मंडळास नसून सर्वसाधारण सभेस असतो. संबंधित सभासदास किमान एक महिना आधी नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. सभेस उपस्थित असलेल्या व मताधिकार असलेल्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश सभासदांनी ठरावास अनुकूल मत द्यावे लागते. त्यानंतर ठराव मंजुरीसाठी निबंधकाकडे जातो. सभासदास पुरेशी संधी मिळाली होती का, हे निबंधक तपासतो.

परिणाम

सभासदाचे भाग जप्त होऊ शकतात. हकालपट्टी झालेल्या व्यक्तीस एक वर्षापर्यंत त्या किंवा अन्य कोणत्याही सहकारी संस्थेचे सभासद होता येत नाही. विशेष परिस्थितीत निबंधक सवलत देऊ शकतो. सेवा सोसायटीचे पीककर्ज सभासदांसाठी असल्याने लहान शेतकऱ्यास शेजारच्या गावातील सोसायटीचा आधारही घेता येत नाही. कार्यपद्धतीतील काटेकोरपणाचे महत्त्व यातून स्पष्ट होते.

सामाजिक बहिष्काराहून भिन्नता

हकालपट्टीने केवळ सभासदत्व संपते. गावातील व्यवहार, पाणवठा, लग्नकार्य किंवा देवस्थान यांपासून त्या व्यक्तीस दूर ठेवता येत नाही. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुक्त स्रोत समुदायांशी तुलना

स्वयंसेवकांच्या सहभागातून संगणक प्रणाली घडवणाऱ्या मुक्त स्रोत समुदायांपुढेही उपद्रवी सदस्याचा प्रश्न असतो. लिनक्स कर्नेल प्रकल्पाने सप्टेंबर २०१८ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. त्याच सुमारास प्रकल्पाचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या कठोर भाषेबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली. अशा समुदायातून बाहेर पडलेला सदस्य मूळ आज्ञावलीची प्रत घेऊन, परवान्याच्या अटी पाळून स्वतंत्र प्रकल्प उभारू शकतो. साखर कारखान्याची किंवा सोसायटीची अशी प्रत काढता येत नाही. म्हणून सहकारात सुनावणी, विशेष बहुमत व निबंधकाची मंजुरी ही सभासदाची मुख्य संरक्षणे ठरतात.