लाकडी आच्छादनाचा तळ

लाकडी सांगाड्याच्या घरावर बाहेरून ठोकलेल्या फळ्यांची खालची कड आणि तिच्याखालचे जोते यांच्यामधील रचना. ब्रिटन व स्कँडिनेव्हियातील पावसाळी, दमट हवेत अशा घराचे आयुष्य बरेचसे या हातभर पट्ट्यावर ठरते.

छपरावरून आणि भिंतीवरून उतरणारे पाणी इथेच येते आणि जमिनीवर आपटलेल्या पावसाचे शिंतोडेही इथेच उडतात. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांवर टिकून राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. फळीच्या पृष्ठभागापेक्षा तिचे कापलेले टोक कितीतरी वेगाने पाणी शोषते, कारण झाडाने पाणी वर चढवण्यासाठी वापरलेल्या नलिका तिथे उघड्या पडतात. उभ्या फळ्यांचा तळ अधिक नाजूक असतो, तो यामुळे. लार्च, सीडर, ओक ही टिकाऊ लाकडेही या नियमाला अपवाद नाहीत.

ब्रिटनमध्ये फळ्यांची कड जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर उंच ठेवतात. २०० ठेवणे अधिक शहाणपणाचे. भिंतीलगत फरशीऐवजी खडीचा पट्टा घातला तर शिंतोडे कमी उडतात. सांगाड्याची सर्वांत खालची आडवी तुळई विटांच्या किंवा काँक्रीटच्या जोत्यावर, ओल अडवणाऱ्या थरावर बसते. तिच्या बाहेरून वाफ जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा पडदा येतो. तो तुळईच्या खालपर्यंत उतरलाच पाहिजे. आखूड कापलेला पडदा ही बाहेरून न दिसणारी आणि म्हणूनच सर्वांत घातक चूक होय.

पडद्यावर पट्ट्या ठोकून त्यांवर फळ्या बसवतात. मधल्या पोकळीत शिरलेले पाणी खाली निथळावे आणि हवा वर चढावी, यासाठी पोकळीचे तोंड तळाशी उघडे ठेवून त्याला किड्यांसाठी बारीक जाळी लावतात. ही फट सीलंटने बुजवली की पाणी आतच कोंडते. उभ्या फळीचे टोक आतून बाहेर उतरते कापतात, म्हणजे थेंब पुढच्या कडेवरून सुटतो, मागे ओढला जात नाही. कापलेल्या टोकाला रंग किंवा सीलर लावतात. ओक व सीडर यांच्या आम्लाने साध्या लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडतात, त्यामुळे स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरतात.

लाकूड मातीपासून उचलण्याची युक्ती जुनी आहे. नॉर्वेतील आरंभीच्या लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत व ते कुजत. बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले बोर्गुंडचे चर्च दगडी पायावरील तुळयांवर उभे आहे, ते आजही शाबूत आहे. महाराष्ट्रातील वाड्यांत लाकडी खांबाखाली तळखडा असतो, तोही ओलीपासून बचावासाठीच.

आराखडा अचूक असूनही पुढे घात होतो तो बागेमुळे. भिंतीशी माती चढवली, अंगणात नवी फरशी घातली, की राखलेली उंची हरवते. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरठा सपाट हवा असेल, तर फक्त दारापुरती जमीन वर घेऊन तिथे जाळीदार पन्हळ बसवतात. त्यासाठी सगळ्या घराभोवती भर घालू नये. आडव्या फळ्यांच्या घरात सर्वांत खालची फळी स्वतंत्रपणे काढता येईल अशी बसवली, तर ती कुजल्यावर तेवढीच बदलता येते.