दोन वेटोळ्यांतले अंतर

मंडळी, १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे रेडिओ केंद्र सुरू झाले. एका केंद्राचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये, ही सोय सहजी झालेली नाही.

निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या वेटोळ्यांची करामत दाखविली. जाड तारेचे थोडे फेरे एकीकडे, बारीक तारेचे पुष्कळ फेरे दुसरीकडे. तार तारेला लागत नाही, तरी पहिल्यातला जोर दुसऱ्यात चढतो.

गुरुजी, वर्गात दोन खुंट्यांना आडवी दोरी बांधा. तिला सारख्याच लांबीच्या सुतळीने दोन सारखे दगड टांगा. एकाला झोका द्या. हळूहळू तो थांबतो आणि दुसरा झुलू लागतो. मग पुन्हा पहिला! दोरी ढिली सोडली की ही देवघेव घाईने होते, ताणली की सावकाश.

वेटोळ्यांचेही तसेच. फार जवळ आणली तर जोर मागेपुढे होतो, आणि एकीऐवजी दोन लहरी बाहेर पडतात. जुन्या ठिणगी-यंत्रांत हा दोष असे. शेजाऱ्याचा संदेश त्यात हरवे. अशा गोंगाटात बुडत्या जहाजाची हाक कोण ऐकणार?

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला : दुसऱ्या लहरीचा जोर मुख्य लहरीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको. मग वेटोळी थोडी दूर सारावी लागली. जोर जरा घटला, पण लहर एकच उरली.

ठिणगी-यंत्रे केव्हाच गेली. दगडांचा प्रयोग मात्र मुलांकडून जरूर करवून घ्या.