पाण्याकाठची माणसे

इतिहासाच्या तासाला राजे, सेनापती आणि तह यांचीच गर्दी होते. त्या गर्दीत पाणी भरायला निघालेला माणूस सहसा दिसत नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे मला मात्र तोच आठवतो.

महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावातून पहिल्या महायुद्धावर १११ माणसे गेली आणि त्यांतली ६ कामी आली, असे तेथील शिळा सांगते. कोकणच्या मराठ्यांची भरती ज्या पलटणींत होई, त्यांतल्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी तैग्रिस नदीकाठच्या कुत गावी अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. उपासमार वाढली, घोड्याचे मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपाई धर्मभयाने धजेनात. शरणागतीनंतर कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत हजारो शिपाई मेले.

पण त्याच गावात सुमारे ६,००० अरब रहिवासीही होते. त्यांनी ही लढाई मागितली नव्हती. इंग्रजांची फौज त्यांच्या घरादारांत शिरली आणि तुर्कांची बाहेर बसली. नदीवर पाण्याला जावे, तर पलीकडच्या तीरावरून गोळी येई. वेढा संपल्यावर इंग्रजांना साथ दिली म्हणून तुर्कांनी काहींना फासावर चढविले.

पाण्यावरचा पहारा परमुलखातच असतो असे नाही. याच युद्धासाठी १९१७ साली सरकारने महारांची पलटण उभारली आणि १९२१ साली मोडून टाकली. सरकारला त्यांचे रक्त चालले. गावाला त्यांची ओंजळ चालेना. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले, ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी घेतले, तेव्हा परिषदेस आलेल्यांना गावात मारहाण झाली. त्यांच्यात पेन्शनर शिपाईही होते. हात उगारणे त्यांना अवघड नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. तळ्यावरचा हक्क हायकोर्टाने १९३७ साली मान्य केला.

शिपायाच्या शौर्याला मी मुजरा करतोच. पण ते शौर्य ज्याच्या दारात घडले त्याचे पुढे काय झाले, आणि शिपाई घरी परतला तेव्हा त्याला पाणी कोणी दिले, हे दोन प्रश्न मुलांना विचारल्यावाचून मी तो धडा संपवीत नाही.