किरायाची खोली आणि अप-डाऊन

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, बाबू आले. पण राहणार कुठे? अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा, म्हणजे देसाईगंज. तेव्हा छोटी लाईन होती. नागभीडला गाडी बदलली की नागपूर. म्हणून वडसात किरायाची खोली सोयीची. स्टेशन, बाजार सगळं पायी!

नियम सांगतो, मुख्यालयी राहा. मग खोली नावापुरती, बायकापोरं नागपूरला, आणि आपलं अप-डाऊन सुरू. त्यांनाही काय बोलणार, मुलांच्या शाळेचा प्रश्न असतोच. पण खोलीला कुलूप लागलं, की रात्री दवाखान्यात आलेल्या बाळंतिणीने कुणाकडे बघायचं? जिल्हा एका दिवसात जाहीर होतो. किरायादार बिऱ्हाड घेऊन आला, की तो खरा वसतो.