थंडावलेला घरबाजार आणि न उतरणारा सरकारी दर : रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील घरांचे गणित

शहरातील घरांचा बाजार मंदावतो तेव्हा भाव लगेच खाली येत नाहीत; आधी व्यवहार थांबतात. विक्रेता पूर्वी कानावर आलेल्या आकड्यावर अडून बसतो, ग्राहक आणखी घसरणीची वाट पाहतो. या दोघांच्या घासाघिशीत तिसरा आकडा असतो तो सरकारी दराचा. महाराष्ट्रात त्यास रेडीरेकनर म्हणतात, छत्तीसगडमध्ये गाइडलाइन दर. बाजार उतरला तरी हा दर आपोआप उतरत नाही, आणि मंदीच्या काळात घर विकणाऱ्याची व घेणाऱ्याची खरी अडचण पुष्कळदा येथेच सुरू होते.

रायपूर हे या अडचणीचे चांगले उदाहरण आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानी झाले. त्यानंतर शहर बाहेरच्या बाजूने पसरले. नवा रायपूर ही स्वतंत्र नगरी उभी राहिली. तेथे व शहराच्या कडेने घरे मोठ्या संख्येने बांधली गेली, पण सर्वांना ग्राहक मिळाले नाहीत. राज्याच्या गृहनिर्माण मंडळाला वर्षानुवर्षे न विकल्या गेलेल्या मालमत्तांवर ३० टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी लागली, यावरून साठ्याची कल्पना यावी.

ब्राह्मणपाऱ्याची गोष्ट निराळी आहे. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगडीत वस्ती किंवा मोहल्ला. बूढापारा, तात्यापारा यांच्याप्रमाणे हीदेखील जुन्या रायपूरची दाट वस्ती. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. तेव्हापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात आहेत. अशा जुन्या वस्तीत घर क्वचितच विक्रीस निघते आणि निघाले तर किंमत ठरते ती प्रामुख्याने जागेची, वर उभ्या असलेल्या बांधकामाची नव्हे. शेजारी अलीकडे झालेला व्यवहार नसल्याने तुलनेला आधार राहत नाही. मग सरकारी दर हाच एकमेव लेखी आकडा उरतो.

हा आकडा गेल्या काही वर्षांत किती हलला, हे पाहण्याजोगे आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने गाइडलाइन दर सरसकट ३० टक्क्यांनी कमी केले. मंदावलेल्या व्यवहारांना चालना मिळावी, हा हेतू सांगितला गेला. परंतु त्याच वेळी पंजीयन शुल्क ०.८ टक्क्यावरून ४ टक्के करण्यात आले. हिशेब सोपा आहे. ५० लाख रुपये सरकारी मूल्याच्या भूखंडावर पूर्वी ४० हजार रुपये पंजीयन शुल्क होते; दर कमी होऊन मूल्य ३५ लाखांवर आले, पण शुल्क १ लाख ४० हजार झाले. मुद्रांक शुल्कात जे वाचले, त्यातील बराचसा भाग असा परत गेला. ७५ लाखांपर्यंतच्या घरांना या शुल्कात २ टक्क्यांची सवलत देण्यात आली, म्हणून घर घेणाऱ्यास काहीसा दिलासा मिळाला. महाराष्ट्राने २०२० मध्ये याच प्रश्नावर सरळ मार्ग धरला होता : सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुद्रांक शुल्कातच तीन टक्क्यांची कपात, आणि मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची.

छत्तीसगडमधील ३० टक्क्यांची कपात ३१ मार्च २०२४ रोजी संपली. त्यानंतर दरांची सर्वंकष फेररचना होऊन नवे दर २० नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. कित्येक ठिकाणी वाढ इतकी मोठी होती की आंदोलने झाली आणि डिसेंबरमध्ये शासनास काही तरतुदी बदलाव्या लागल्या. सदनिकेचे मूल्य सुपर बिल्टअप क्षेत्रावर न काढता बिल्टअप क्षेत्रावर काढण्याचा निर्णय त्यांपैकी एक होय.

दर चढा आणि बाजार थंड, अशा स्थितीत काय घडते? समजा, ब्राह्मणपाऱ्यातील एका घराचे सरकारी मूल्य ६० लाख आहे, पण महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेला ग्राहक ५० लाखच देतो. मुद्रांक शुल्क ६० लाखांवर भरावे लागेल. प्राप्तिकर कायदा दहा टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य करतो. येथे ती मर्यादा ५५ लाखांवर संपते. त्यामुळे विक्रेत्याचा भांडवली नफा ६० लाख धरून मोजला जाईल आणि ग्राहकाच्या उत्पन्नात फरकाचे १० लाख रुपये मिळवले जातील. न मिळालेल्या पैशावर एकाने आणि न कमावलेल्या पैशावर दुसऱ्याने कर भरावयाचा, असा हा प्रकार आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या काळात ही मर्यादा २० टक्के केली होती, मात्र ती विकासकाने प्रथमच विकलेल्या, दोन कोटींपर्यंतच्या घरांपुरतीच. जुन्या घरांच्या मालकांना तिचा उपयोग नव्हता.

यावर दोन उपाय कायद्यातच आहेत आणि ते फारसे वापरले जात नाहीत. सरकारी मूल्य वास्तव बाजारमूल्याहून अधिक आहे, असे विक्रेता प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे मांडू शकतो. प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. दुसरे असे की, विक्रीचा करार आधी झाला असेल आणि विसार धनादेशाने वा बँकेमार्फत दिला असेल, तर प्राप्तिकरासाठी कराराच्या दिवसाचा दर धरता येतो. करार आणि रजिस्ट्री यांच्यामध्ये दर वाढले, तर या तरतुदीचे मोल कळते. विसार रोखीने दिला असल्यास मात्र हा आधार मिळत नाही. मुद्रांक शुल्कासाठी हा जुना दर चालत नाही.

वडिलोपार्जित घरात याहून अवघड भाग वारसांचा. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून नागपूरला वा पुण्याला दिलेल्या बहिणीची सही, किंवा तिने नोंदवलेले हक्कसोडपत्र, यांवाचून खरेदीखत पक्के होत नाही. तेजीत ग्राहक असे दोष खपवून घेतो; मंदीत तो दुसरे घर पाहतो.

कागदपत्रांत महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या जागी येथे बी-१ आणि पी-२ पाहावे लागतात. शहराच्या जुन्या भागात जागा मालकीची आहे की नझूल, म्हणजे शासकीय पट्ट्याची, हे विसार देण्यापूर्वीच तपासणे आवश्यक आहे. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यास रेरा कायद्याचे संरक्षण आहे : नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या खरेदीत ही ढाल नसते. उलट, तेथे वस्तू व सेवा कर लागत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर एप्रिल २०१९ पासून तो पाच टक्के, परवडणाऱ्या घरावर एक टक्का आहे.

पिढ्यान्‌पिढ्यांचे घर विकताना मूळ किंमत कोणती धरावी, हा प्रश्न उरतोच. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मालमत्तेस त्या दिवसाचे बाजारमूल्य धरता येते. रायपूर राजधानी होऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. शिवाय हे मूल्य त्या दिवशीच्या सरकारी दराहून अधिक धरता येत नाही. त्यामुळे विक्री आज होत असली तरी २००१ चा गाइडलाइन तक्ता पंजीयन कार्यालयातून मिळवून ठेवणे विक्रेत्यास क्रमप्राप्त ठरते.